ढगांचे तलाठी

आमच्या गावावरून विमान गेलं की शांतवन गुरुजी घरातून पळत बाहेर येतात, मान वर करतात आणि ओरडतात, "परवानगी कुणाची?"

विमान उत्तर देत नाही. ते बहुधा पुण्याहून निघालेलं असतं. त्यातली माणसं पट्टे बांधून पेंगत असतील. खाली मिरजगावच्या पुढं चार किलोमीटरवर एक पंच्याहत्तरीचा म्हातारा आपल्याला कारणे दाखवा नोटीस देतोय, हे त्यांना कुठून कळणार? गुरुजींना त्याचं काही वाटत नाही. ते ओट्यावर बसतात, मांडीवर लांबट वही घेतात आणि लिहितात. वेळ, दिशा, विमानाच्या शेपटीचा पांढरा पट्टा लांब की आखूड, त्या वेळी आभाळात ढग किती आणि कसले. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात गेली कित्येक वर्षं एकच मजकूर आहे: 'विचारणा केली. खुलासा अप्राप्त.'

आतून त्यांच्या मंडळी, मार्थामावशी, विचारतात, "गेलं का तुमचं पाव्हणं? का च्या टाकू त्यास्नी?"

गावात गुरुजींना सगळे ढगांचे तलाठी म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. पारावरची पोरं मुद्दाम हाक मारतात, "गुरुजी, आमच्या गटावरच्या ढगाचा उतारा मिळंल का?" गुरुजी चिडत नाहीत. "अर्ज कर," म्हणतात. एकदा सुभाष न्हाव्यानं थट्टेनं खरंच अर्ज दिला. आठव्या दिवशी त्याला लेखी उत्तर मिळालं: 'अर्जदाराच्या शेतावर मंगळवारी दुपारी तीन वाजता एक ढग आढळून आला. तथापि मालकी हक्क सांगता येईल इतका वेळ तो थांबला नाही.' सुभाषनं तो कागद दुकानात आरशाशेजारी चिकटवलाय. गिऱ्हाईक दाढीचा साबण तोंडाला असताना तो वाचतं, आणि हसलं की वस्तरा थांबवावा लागतो.

मी हसत नाही. म्हणजे हसतो, पण घरी जाऊन. कारण मी गुरुजींचा विद्यार्थी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. वडील सही करताना अजूनही जीभ दाताखाली धरतात. बारावीनंतर मला नगरला घेऊन जाणारे, प्रवेशाच्या फॉर्मवर माझा हात धरून रकाने भरून घेणारे आणि 'इंग्रजी घे, भिऊ नको, तीबी माणसंच बोलतात' असं सांगणारे शांतवन गुरुजीच. आज मी मिरजगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझी पदवी गावाच्या दोन कामांना आली. एक, लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं छापायला. दोन, गुरुजींना परदेशातले ढगांचे कायदे वाचून दाखवायला.

हो, ढगांचे कायदे असतात. मलाही ठाऊक नव्हतं.

हे वेड कसं लागलं त्याची गावात एक मान्यताप्राप्त कथा आहे. एका कोरड्या वर्षी सरकारनं विमानातून कृत्रिम पाऊस पाडायचं ठरवलं. रसायन फवारायचं, ढगाला पाझर फोडायचा. पेपरात फोटो आले. गाव गच्चीवर आणि पत्र्यावर चढून बसलं. आमच्याकडं गच्च्या कमी, म्हणून शाळेच्या छतावर गर्दी. विमान आलं, दोन घिरट्या घातल्या, गेलं. पाऊस पडला तो पलीकडच्या तालुक्यात. म्हणजे पडला असं आम्ही ऐकलं, पलीकडच्या तालुक्यातले लोक म्हणाले आमच्याकडं कुठं, तो तर त्यांच्याही पलीकडं पडला. अशी ती सर पुढं सरकत सरकत नकाशाबाहेर गेली.

बाकीचे छतावरून उतरले. गुरुजी मात्र थेट तहसील कचेरीत गेले. त्यांचा अर्ज सरळ होता: आमच्या हद्दीतल्या ढगावर काम करण्यास परवानगी कुणी दिली, कोणत्या कायद्याखाली दिली, आणि ढग नेला कुठं?

तहसीलनं अर्ज कृषी खात्याकडं पाठवला. कृषीनं मदत-पुनर्वसनकडं, तिथून पाटबंधाऱ्यांकडं. पाटबंधाऱ्यांनी लिहिलं, पाणी जमिनीवर आल्यानंतरच आमचा संबंध येतो. फिरून फिरून अर्ज परत तहसीलला आला तेव्हा त्यावर इतके शिक्के होते की मूळ मजकूर शिक्क्यांच्या फटींतून वाचावा लागे. गुरुजींनी तो कागद मला दाखवला तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"बघ," ते म्हणाले. "विहिरीला कायदा हाय, वाळूला कायदा हाय, बैलगाडीच्या शर्यतीला कायदा हाय. ढगाला न्हाई. ढग बेवारस हाय रे."

तेव्हापासून दर रविवारी, ते चर्चमधून आले की, मी त्यांच्या ओट्यावर हजर. मी मोबाईलवर इंग्रजी शोधायचं आणि त्यांनी वहीत मराठी करून घ्यायचं. अशा सात वह्या झाल्यात. जाड पुठ्ठ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात नाव आहे: 'हवामानावरील हस्तक्षेप व त्याचे सरकारी नियमन: एक इतिहास'.

त्या इतिहासानं मला फार हसवलं आणि थोडं शहाणंही केलं. ऑस्ट्रियाच्या एका महाराणीनं फार पूर्वीच आभाळात बार काढायला बंदी घातली होती. लोक गारा पळवायला बार काढायचे, आणि शेजारचं गाव म्हणायचं, तुम्ही तुमच्या गारा आमच्यावर ढकलल्या. रोजची मारामारी. महाराणीनं सांगितलं, बास. गुरुजींना ही महाराणी अतिशय आवडली. "ती बाई शहाणी," ते म्हणाले. "तिनं शास्त्र बघितलं न्हाई. तिनं शेजारी बघितले."

नंतर त्याच भागात द्राक्षवाल्यांनी मोठाल्या कर्ण्यांच्या तोफा उभ्या केल्या. सरकारनं त्यांची रीतसर चाचणी घेतली. निष्कर्ष: आवाज होतो. गारांना फरक पडत नाही.

मग मोठ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ढगात कोरड्या बर्फाचा चुरा टाकून हिम पाडता येतं असं दिसलं आणि पावसाचा धंदाच सुरू झाला. लागलीच कोर्टकचेऱ्या. एका शहरानं तहानलेल्या लोकांसाठी पाऊस पाडायला घेतला, तर एका हॉटेलवाल्यानं दावा लावला की माझी गिऱ्हाइकं पावसात कशाला येतील? कोर्टानं हॉटेलवाल्याला परत पाठवलं. दुसऱ्या एका राज्यात शेतकऱ्यांनी गारा रोखायला विमानं लावली, तर गुरं पाळणारे ओरडले की आमचा पाऊस पळाला. तिथल्या कोर्टानं विमानांना मनाई केली. मग एकेका राज्यानं कायदा केला. पाऊस पाडणाऱ्यानं परवाना काढायचा. कुठल्या भागात काम करणार ती नोटीस आधी वर्तमानपत्रात छापायची. नुकसान झालं तर भरून द्यायची ऐपत दाखवायची. नोंदवही ठेवायची. काही राज्यांनी तर लिहूनच टाकलं की आमच्या आभाळातला ओलावा हा आमचा.

"वाच, वाच, परत वाच," गुरुजी म्हणाले. नोंदवहीचं कलम मी त्यांना तीनदा वाचून दाखवलं.

पुढं लढाईत पाऊस हत्यारासारखा वापरला गेला, म्हणून देशादेशांनी मिळून शत्रूचं हवामान बिघडवायचं नाही असा करार केला. आणि आता अलीकडं तिथलीच काही राज्यं उलट फिरून सगळ्यालाच बंदी घालू लागलीत. हे वाचलं तेव्हा गुरुजी उदास झाले. "बंदी म्हंजे कायदा न्हाई रे," म्हणाले. "बंदी म्हंजे कटाळा."

हे ज्ञान वहीत राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण गुरुजी जन्मभर शिक्षक. शिकलेलं लगेच वापरून बघायचं.

निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं. धुरळा खाली बसायच्या आत गुरुजी हातात छापील फॉर्म घेऊन पुढं. फॉर्मवर लिहिलं होतं: 'मी असे प्रतिज्ञापूर्वक नमूद करतो की, माझ्या वाहनात ढग आणण्याचे अथवा घालवण्याचे कोणतेही द्रव्य नाही.' पुढाऱ्यांना रोज दोनशे कागद हातात मिळतात. त्यांनी चालता चालता त्यावर लिहिलं, 'योग्य कार्यवाहीसाठी शिफारस करण्यात येते', झोकात सही केली आणि कागद मागच्या माणसाकडं दिला. मागच्या माणसानं गुरुजींना विचारलं, "मुलगा कितवी शिकलाय?"

दुसरा प्रसंग असा. पाऊस लांबला म्हणून चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विशेष प्रार्थना ठेवली. गुरुजी प्रार्थनेच्या आधी उभे राहिले. "प्रार्थनेस माझी हरकत नाही. परंतु लगतच्या गावांस सूचना दिली आहे का? त्यांचा कडबा उघड्यावर असू शकतो." पाळकसाहेब फार सोशिक माणूस. ते म्हणाले, "गुरुजी, प्रभू बघून घेईल." गुरुजी म्हणाले, "घेईल. पण नोंद कुठं होईल?" त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात बायकांनी डोक्यावर लिंबाचा पाला बांधून पावसासाठी धोंडी मागायला सुरुवात केली. गुरुजी तिथंही गेले, तोच प्रश्न घेऊन. आमच्या गावात सर्वधर्मसमभाव आहे असं भाषणात नेहमी म्हणतात. मी तो प्रत्यक्ष त्या आठवड्यात पाहिला. दोन्हीकडून सारख्याच शिव्या आल्या.

मार्थामावशींनी त्या दिवशी कपाळाला हात लावला. "आभाळ ऱ्हाऊ द्या हो. घराचं पत्रं गळत्यात, तेवढ्याला नोटीस द्या."

अशा माणसाच्या आयुष्यात एक दिवस खरी तोफ आली.

दत्ता पवाराची सून... नाही, सून म्हटलं की दत्ता म्हातारा वाटतो. दत्ताची बायको, रोहिणी. राहुरीला शेतीचं शिकलेली. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. दत्ता टेम्पो चालवायचा आणि डाळिंबाची बाग ती बघायची. आदल्या उन्हाळ्यात गारांनी तिची तोडणीला आलेली बाग दहा मिनिटांत झोडपली. या वर्षी तिनं शेताच्या कडेला लोखंडी कर्ण्यासारखं एक उंच धूड उभं केलं. ढग गडगडायला लागले की आत गॅस पेटवायचा, आणि ते आभाळाकडं तोंड करून धाड धाड बार काढायचं. त्या आवाजाच्या लाटेनं गारा बनत नाहीत, असं विकणाऱ्याचं म्हणणं.

मृग कोरडं गेलं. आर्द्राही तशाच निघाल्या. ढग यायचे, तोफ वाजायची, ढग जायचे. तोफ वाजली नाही तरी जायचे, पण ते कोण मोजतं! गावात कुजबुज सुरू झाली, तिची बडबड झाली, आणि मग कुणीतरी बागेच्या कुंपणावर दगड टाकला.

गुरुजी सगळ्यांत आधी गेले होते, फॉर्म घेऊन. मी बरोबर होतो.

"परवानगी कुणाची?"

रोहिणीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "कुणाकडं मागायची गुरुजी? तुम्ही हापिस सांगा, मी आत्ता अर्ज करते."

हा प्रश्न आजवर त्यांना कुणी उलट विचारलाच नव्हता. मग त्यांनी तिला महाराणीची आणि चाचणीची गोष्ट सांगितली, की तोफेनं गारांना फरक पडत नाही.

"मला कॉलेजात शिकवलंय ते," ती म्हणाली. "पण गुरुजी, गारा पडायला लागल्यावर हात बांधून दारात उभं ऱ्हावत न्हाई हो. गेल्या साली राह्यले मी."

तिनं घरातून एक वही आणली. तोफ कुठल्या दिवशी, किती वाजता, किती बार, ढग कसला, वारं कुठलं, सगळं लिहिलेलं. गुरुजी ती वही उभ्या उभ्या वाचत राहिले. परत येताना वाटेत मध्येच थांबले. मग म्हणाले, "अक्षर बघितलंस? वेलांटीसुद्धा चुकली न्हाई."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हापिस काढायचं ठरवलं. म्हणजे ग्रामसभेत ठराव आणायचा: 'ग्रामपंचायत हद्दीतील मेघ-हस्तक्षेप नियमावली'. एकूण एकोणीस कलमं. अर्ज, नोटीस, नोंदवही, सुनावणी, पाच जणांची समिती. तोवर तोफ बंद. सात वह्यांचा अर्क त्या चार पानांत उतरला होता. ठरावाला एक मांडणारा लागतो, सूचक, आणि एक पाठिंबा देणारा, अनुमोदक. सूचक शांतवन गुरुजी. अनुमोदक मी. मार्थामावशींनी त्यांचं धोतर निळीत घालून वाळवलं. मी त्यांना इतकं हरखलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अमेरिकेत राज्यं करतात," ते मला म्हणाले. "आपल्याकडं गाव करंल. कुठं तरी पयलं कोनी तरी करावं लागतं."

गावाला कलमांशी देणंघेणं नव्हतं. गावाला तोफ बंद हवी होती, आणि ती बंद करायला गुरुजींचा कागद मिळत होता. बाग मात्र त्या वेळी फळांनी वाकली होती. ठराव झाला असता तर समिती बसेपर्यंत रोहिणीनं आभाळाकडं नुसतं बघत राहायचं होतं. तिला ते कळत होतं. ती सभेला आली, तिची वही पदराखाली धरून, बायकांच्या घोळक्यात बसली. तिच्या शेजारी मार्थामावशी.

शाळेच्या पडवीत सभा भरली. कोरम पहिल्याच फटक्यात पूर्ण. ग्रामसेवकानं हे तीनदा मोजून खात्री केली, कारण त्याच्या नोकरीत असं झालं नव्हतं. गुरुजी उभे राहून कलमं वाचू लागले.

"कलम चार. ढगावर काम करणाराने चोवीस तास आधी नोटीस द्यावी."

"गुरुजी, ढग चोवीस तास आधी कळवून येतो व्हय?" मागून कुणीतरी.

"येत नाही. म्हणून आपण तयार राहावं. कलम पाच. ढग गावच्या हद्दीत असताना..."

"ढगाला हद्द कळती का?"

"कळत नसंल तर आपल्याला कळती ना? बस खाली."

सुभाष न्हावी म्हणाला, "गुरुजी, समितीत मला घ्या. माझ्याकडं ढगाचा उतारा हाय." सभा हसली. गुरुजीही हसले. नवव्या कलमावर सरपंचांनी घड्याळ बघितलं, चौदाव्यावर जांभई दिली. एकोणिसावं संपलं तेव्हा ते घाईनं म्हणाले, "झ्याक हाय. हात वर करा, विषय मिटवू."

हात वर जायला लागले होते. मी मोजत होतो. ठराव होणार होता यात शंका नव्हती.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले, गुरुजींच्याच वयाचे किसननाना म्हणाले, "करा ठराव. पन मी खरं बोलू का? तोफ तर आत्ता आली. ही पोरगी गावात आल्यापास्नं एक साल धड न्हाई. पायगुन म्हनत्यात त्यो खोटा नस्तोय."

पडवीत कुणी हसलं नाही. दोन-चार माना हलल्या. ज्यांचे हात वर होते त्यांचे वरच राहिले. रोहिणी मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत होती.

गुरुजी उभेच होते. त्यांनी चष्मा काढला. बायका बसल्या होत्या तिकडं एकदा पाहिलं. मग हातातली चार पानं घडी घालून खिशात ठेवली.

"सरपंच," ते म्हणाले, "ठराव मी मागं घेतो."

"आँ?"

"मी सूचक हाय. सूचकानं मागं घेतला की ठराव न्हाई. ग्रामसेवक, लिहा."

एकच गलका झाला. सरपंच म्हणाले, "गुरुजी, आवं धा वर्षं तुमी ह्याच्यापायी..." किसननाना म्हणाले, "म्या काय वावगं बोललो?" एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, तुम्ही अनुमोदक. तुम्ही मांडा. हात वर हायेत, आत्ता व्हऊन जाईल."

मी इंग्रजीचा शिक्षक. घाबरट. मी माझा खांदा सोडवून घेतला आणि गुरुजींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. एवढंच मला जमलं.

गुरुजींचा आवाज चढला नाही. "मला ढगावर कायदा करायचा हुता. बाईवर न्हाई. ह्या पोरीनं किती वाजता बार काढला त्याचा कागद तिच्यापाशी हाय. पायगुनाचा कागद कुनापाशी हाय? किसन, तुझ्यापाशी हाय? आन घरनं. मी बसतो हितंच."

आणि ते खरोखर फरशीवर मांडी घालून बसले.

किसननाना उठले नाहीत. कुणीच उठलं नाही. मग एकेक हात खाली आला, जसा वर्गात उत्तर चुकल्यावर येतो. ग्रामसेवकानं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं, 'विषय क्रमांक तीन: सूचकांनी मागे घेतला', आणि पुढचा विषय पुकारला, गटार. तोफ राहिली. पाऊस त्या दिवशीही आला नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. कुंपणावर मात्र पुन्हा दगड पडला नाही.

मला राहवेना. दहा वर्षांचं स्वप्न, पिकून हातात आलेलं, आणि माणूस ते खिशात घालून परत येतो? दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. गुरुजी पत्र्यावर चढले होते, डांबराचा डबा घेऊन गळती बुजवत. मार्थामावशी ओट्यावर बाजरी पाखडत होत्या. मी त्यांनाच विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडता बोलल्या.

"मी कोल्हारची. परवरा नदीच्या काठची. आमच्याकडं पानी म्हंजे दारात. लगीन हून हितं आले अन् त्या साली पाऊस न्हाई. दुसऱ्या सालीबी न्हाई. सासूनं म्हनलं, ही पानी तिकडंच ठिवून आली. मग सासऱ्यानं चार मानसं बशिवली. हितंच, ह्याच ओट्यावर. मी दाराआड. ह्यास्नी इचारलं, तुझं काय म्हननं? नुकतेच मास्तर झाल्ते. शाळंत पोरं थरथर कापायची ह्यांच्यापुढं." त्यांनी सुपातला एक खडा काढून अंगणात भिरकावला. "खाली मान घालून बसले. एक अक्षर न्हाई."

"मग?"

"मग काय? मला कोल्हारला नेऊन घातलं. दीड साल. तिसऱ्या साली पाऊस झाला, तवा आनाया आले. जशी काय मीच तोटी बंद करून गेल्ते." त्या हसल्या. खरंच हसल्या. "पुढं पोरंबाळं झाली, सुनंला सासू झाले, सगळं झालं. त्या दिसाचं ह्यांनी कंदी काढलं न्हाई, म्याबी न्हाई. हे पावसाचं लिव्हाय लागले तवा मला वाटलं, मानूस रिटायर झालं की कायतरी खूळ लागतंच."

वरती पत्रा वाजला. गुरुजी एका शीटवरून दुसऱ्या शीटवर सरकत होते, अगदी सावकाश, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखे. मार्थामावशी वर बघून ओरडल्या, "कडंला जाऊ नका! पडला तर कुनाची परवानगी घिऊ?" वर डांबराचा डबा खरडत पुढं सरकला.

मी हळूच विचारलं, "काल सभेवरून आल्यावर काही बोलले का?"

"बोलले की. चपला काढल्या, हात-पाय धुतले, आन् हितं चुलीपाशी यून उभं ऱ्हायले. म्हनले, मार्था, मी तवा बोलाय पायजे हुतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मार्थामावशींनी सूप एकदा उडवलं. कोंडा वाऱ्यावर गेला, बाजरी परत सुपात पडली.

"काय म्हननार? म्हनलं, सरकारी काम हाय, येळ लागायचाच. बसा, भाकरी गरम हाय तवर खाऊन घ्या."